कुसळं येण्याआधी कापा

भाद्रपदाच्या सुमारास माळावरचं कुसळी गवत फुलोऱ्यात येऊ लागतं. कापून वाळवायचं, तर हीच वेळ. पुढे प्रथिनं बियांकडे जातात, बी गळतं आणि उरते ती चरबट काडी. कुरण भरलेलं दिसतं, पण त्यावर चरणाऱ्या गाईचं दूध आटतं. कारण चाऱ्यातली प्रथिनं साधारण 7 टक्क्यांखाली गेली की कोठीपोटातले जंतूच उपाशी राहतात, चारा नीट पचत नाही. त्यात कुसळं मेंढ्यांच्या तोंडात, कातडीत रुततात. हे हाल टाळता येण्यासारखे आहेत. कापणी दिवाळीपर्यंत लांबवू नका. उन्हाळ्यात वाळल्या गवताला थोडी पेंड किंवा शेवरीच्या पाल्याची जोड द्या. गाभण जनावरांना आधी.