शाळेचे माप आणि मुलांचे गुण



काळ्या रानात ज्वारी येते, मुरमाड माळावर हुलगे नि मटकी. जमीन पाहून बी टाकावे, हे तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. मग शाळेतच आपण मूल न पाहता पेरणी का करतो?

एका वर्गात चाळीस मुले असतात. एकाला आकडे चटकन उमजतात, दुसरीचा गळा गोड असतो, तिसऱ्याला बिघडलेला पंप उघडल्यावाचून चैन पडत नाही. परीक्षेत मात्र तिघांनाही विचारणा एकच : तीन तासांत किती लिहिता येते? ज्याला ते साधत नाही त्याला आपण 'ढ' म्हणतो. आणि हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागते.

दुसरी वाट नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले नि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली वारली मुले दिवसभर गुरे राखीत. ती शाळेत येणार कशी? तेव्हा शाळाच कुरणात गेली! पुढे १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुले तिथे बांधकाम, वेल्डिंग, वीजजोडणी, शेती करता करता शिकू लागली. शेड उभारायची म्हटली की मोजमाप आले, आकृती आली, खर्चाचा हिशेबही आला.

पण इथे एक सावधगिरी हवी. मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींच्या सरकारने खेड्यांतल्या प्राथमिक शाळेची वेळ कमी केली. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, असे ठरवले. म्हणजे कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हायचे काय? त्यावर रान उठले, आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गुंडाळावी लागली. धडा स्पष्ट आहे. गुण मुलाचा पाहायचा, बापाच्या धंद्याचा नव्हे. मेंढपाळाच्या मुलीला गणिताची ओढ असेल तर तिला भरपूर गणित द्या. वकिलाच्या मुलाचा हात सुतारकामात चालत असेल तर त्याच्या हाती रंधा द्या. लिहिणे, वाचणे नि हिशेब मात्र सगळ्यांनाच आला पाहिजे. त्यात कुणालाही सूट नाही.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ शिकावे, असे सुचवले आहे. गुरुजी, हे दिवस सहलीसारखे उरकू नका. कोणते मूल कुठे रमते, ते पाहण्याची हीच वेळ.

मी कॉलेजात शिकवतो. 'तुला काय आवडते?' असे विचारले की पुष्कळ मुले खाली पाहतात. बारा वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेलेच नसते. मीही अनेकांना फार उशिरा विचारले, याची खंत वाटते.

म्हणून गुरुजींनी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एकच ओळ : याला काय चांगले येते. आणि आईबापांनो, निकालाच्या दिवशी किती मार्क पडले हे जरूर विचारा. पण त्याआधी ती ओळ वाचून घ्या. ती कोरी असेल, तर नापास मूल झालेले नाही, आपण झालो आहोत.