जमिनीच्या पोटातील गारवा



जबलपूर शहरात घमापूर नावाची दाट वस्ती आहे. मराठी कानाला त्या नावात घामाचा भास होतो. हिंदीत मात्र घाम म्हणजे ऊन. व्युत्पत्ती काहीही असो, मे महिन्याच्या दुपारी तेथील गल्लीतून चालणाऱ्यास दोन्ही अर्थ सारखेच पटतात. पारा ४२ अंशांच्या आसपास असतो, आणि भिंतींवर टांगलेली वातानुकूलन-यंत्रे घराच्या आतली उष्णता त्याच गल्लीत ओतीत असतात. एकाने गारवा घ्यावा आणि त्याचे मोल शेजाऱ्याच्या खिडकीने द्यावे, असा हा व्यवहार आहे. ही उष्णता हवेत न सोडता जमिनीत सोडता येईल काय, आणि त्यासाठी किती नळ पुरावे लागतील, याचा आज विचार करू.

पाणी सखल जागेतून उंचावर चढविण्यास पंप लागतो. तद्वत उष्णता थंड जागेतून उष्ण जागी नेण्यासही पंप लागतो. आपल्या घरातील फ्रिज हा असा उष्णता-पंपच होय. विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ सालीच इमारती तापविण्याच्या व निवविण्याच्या काटकसरीवर निबंध लिहिला होता. चढण जितकी कमी तितकी वीज कमी, हे त्यातले मर्म. बाहेरच्या ४२ अंशांच्या हवेत उष्णता ढकलण्यापेक्षा थंड भूमीत ढकलणे अर्थातच सोपे.

पण भूमी थंड कोठे असते? जबलपूरच्या हवेचे वार्षिक सरासरी तपमान सुमारे २५ अंश आहे, आणि खोल भूमीचे तपमान त्याच्याच आसपास राहते. वरच्या थरांत मात्र ऋतूंची लाट उतरत असते. साधारण ओलसर मातीचे गणित केले तर दीड मीटर खोलीवर या लाटेची उंची निम्म्याहून थोडी अधिक उरते, चार मीटरवर अवघी पाचवा हिस्सा. शिवाय लाट उशिरा पोहोचते. मे महिन्यातला ताप चार मीटरवर जाईपर्यंत श्रावण उजाडतो. म्हणजे ज्या दिवसांत आपण होरपळत असतो, त्या दिवसांत तेथील माती बरीच निवांत असते. दिल्लीजवळ ग्वाल पहाडी येथे टेरी या संस्थेने आपल्या प्रशिक्षण-संकुलात याचाच लाभ घेतला. तेथे ४ मीटर खोल, प्रत्येकी ७० मीटर लांबीचे चार भुयारी नळ घालून त्यांतून हवा खेळविली आहे. तेथे नळांतून हवा वाहते. आपण बोलत आहोत त्या योजनेत पाणी वाहते, एवढाच मुख्य भेद.

आता हिशेब. समजा, घमापुरातील एखाद्या वास्तूस ३ टन शीतन हवे. म्हणजे सुमारे साडेदहा किलोवॅट. परंतु जमिनीच्या पदरी एवढेच पडत नाही. पंपास लागलेली अडीचएक किलोवॅट वीजही शेवटी उष्णता होऊन तिच्यातच जाते. एकूण १३. युरोपात घर तापविताना नेमके उलटे घडते: विजेची उष्णता घरास मिळते आणि भूमीवरचा भार तेवढा हलका होतो. तिकडची कोष्टके जशीच्या तशी इकडे आणणारा पहिल्याच पायरीवर फसतो.

दुसरी फसगत अधिक गंभीर आहे. जर्मनीत पूर्वी प्रचलित असलेले कोष्टक वर्षाला २४०० तास चालणाऱ्या यंत्रासाठी साधारण खडकात कूपनलिकेच्या दर मीटरमागे सुमारे ५० वॅट धरीत असे. कोरड्या, हलक्या थरात २०. आपल्या १३ किलोवॅटांस पहिल्या हिशेबाने २६० मीटर पुरतात, दुसऱ्याने ६५० लागतात! आणि ही कोष्टके जमिनीतून उष्णता काढण्याची आहेत. तेथे हिवाळ्यात काढलेली उष्णता उन्हाळा भरून देतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे जमाच होत राहते, खर्च जवळजवळ नाहीच. पहिले दोन उन्हाळे यंत्र झकास चालावे, सर्वांनी पाठ थोपटून घ्यावी, आणि पुढे भूमीच तापत गेल्याने वीजबिल चढू लागावे, असा हा धोका आहे. यास्तव नळ्यांत सहा मीटरांहून अधिक अंतर हवे, लांबी सढळ हवी, आणि हिवाळ्यात ही साठलेली उष्णता वापरणारे कोणी हवे. माझ्या मते, कचेरीपेक्षा रुग्णालय किंवा वसतिगृह या योजनेस अधिक योग्य. तेथे ऊन पाण्याची गरज नित्याची असते.

जबलपूरची भूमी तर मोठी बहुरूपी आहे. मदन महालाकडे ग्रॅनाइट, बडा सिमला टेकडीवर लामेटा थर (स्लीमनला १८२८ साली डायनोसॉरची हाडे सापडली ती येथेच), अन्यत्र काळी माती, तर नर्मदेकाठी गाळ. ग्रॅनाइट कोरड्या मातीच्या कितीतरी पट उष्णता वाहून नेतो. म्हणून एक चाचणी-नळी खोदून, तिच्यात किमान दोन दिवस ठराविक उष्णता सोडून, पाणी किती तापते ते मोजावे. सरकारी पैसा लागत असेल तर या अहवालाविना मंजुरी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आडवे नळ अंथरायचे तर पाचएकशे चौरस मीटर मोकळी जागा हवी. घमापुरात ती कोठली? उभ्या कूपनलिकाच घ्याव्या लागतील. जेथे मैदान आहे तेथे मात्र काळ्या मातीपासून जपावे. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते, नळाला सोडून देते, आणि मधली हवा उष्णता अडविते. नळाभोवती बारीक वाळू दाबून भरावी व वरचा थर ओला राहील असे पाहावे. कूपनलिकेत पॉलिएथिलीनचा दुहेरी नळ सोडल्यावर बेंटोनाइटचे मिश्रण तळापासून वर भरीत यावे, म्हणजे वरचे सांडपाणी खालच्या झऱ्यात उतरणार नाही. सांधे वितळवूनच जोडावेत आणि पुरण्यापूर्वी दाब देऊन तपासावेत. युरोपात नळांत गोठण-विरोधी द्रव घालतात. येथे साधे पाणी पुरे. शेवटी नळांचा नकाशा काढून एक प्रत कचेरीत ठेवावी, आणि दुसरी इमारतीच्या भिंतीवर पत्र्यावर कोरून लावावी. कारण पाच वर्षांनी तेथे गटारासाठी कुदळ घेऊन येणाऱ्यास खाली काय पुरले आहे ते कोण सांगणार?