शेजारची कडी



विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून कुणी त्याच्याकडे बघेना. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ओतले. आनंदाने त्याचे अंग धुतले. मग दोघांनी डोक्याकडून-पायाकडून धरून त्याला खाटेवर निजवले.

आता आपलं बघा. गेल्या वर्षावासात आपल्या चाळीतल्या एक आजी तीन दिवस तापाने पडून होत्या. इकडे विहारात माईकवर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालू होते. वाचणारा मीच! माझी खोली त्यांच्यापासून चौथी. चौथ्या दिवशी कडी वाजवली ती दूधवाल्या पोराने.

तेव्हापासून विहारात एक वही ठेवली आहे. दवाखान्यात रात्री थांबणे, रेशन आणून देणे, पेन्शनचा फॉर्म भरणे. वर्गणी नको, पाळी हवी. निळा झेंडा धरायला हात पुष्कळ येतात, आजाऱ्याचं भांडं धरायला कमी. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

आजी आता बऱ्या आहेत, समोरच बसल्या आहेत. मागच्या गल्लीतल्या एका बंधूंचे मात्र ऑपरेशन आहे. बुधवार आणि शुक्रवारची रात्र अजून रिकामी आहे. वही दाराजवळ ठेवली आहे. जयभीम!