बालवर्गाच्या दाराशी थांबलेली भाषा



बालवर्गाच्या शिक्षिकेला संमेलनाचं अध्यक्षपद देण्याची रीत आपल्याकडे नाही. स्नेहसंमेलनातसुद्धा मुलांना नटवून रंगमंचाच्या पायरीपर्यंत आणून सोडलं की तिचं काम संपतं. आज आपण मला या खुर्चीत बसवलंत त्याबद्दल मी ऋणी आहे. हाती आलेला वेळ मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या मिशनच्या शाळांत येणारं साडेतीन-चार वर्षांचं मूल वाचायला कसं लागतं, आणि त्याच्या वाटेत आपण काय उभं केलं आहे, एवढंच मला बोलायचं आहे.

विदर्भातलं ऊन उतरल्यावर, जूनच्या अखेरीस आपले वर्ग भरतात. सुरुवातीचे दिवस रडण्याचे, मग डब्यांच्या अदलाबदलीचे, आणि जुलै लागला की वही उघडते. स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन. या वयात मनगटाची हाडंही पुरती घडलेली नसतात. मूल पेन्सिल मुठीत आवळतं, बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि चार रेघांमध्ये अक्षर बसवताना त्याचा सगळा जीव हातात गोळा होतो. त्या वेळी त्याला काही सांगायचं असतं. ‘टीचर, माह्या बाबानं बंडी आनली.’ आपण म्हणतो, ‘स्पीक इन इंग्लिश.’ मूल गप्प होतं आणि रेघ ओढू लागतं.

वाचनाचा पहिला धडा त्या गप्प झालेल्या वाक्यात होता. ते वाक्य मुलानं म्हटलं तसंच फळ्यावर लिहा. एकेका शब्दाखालून बोट फिरवत वाचून दाखवा. आपण तोंडानं बोललो ते असं उमटतं, आणि उद्या वाचलं तरी तेच राहतं, हे मुलाला तेव्हा पहिल्यांदा कळतं. त्याच्या कानाला वाक्य म्हणजे एक सलग प्रवाह असतो. शब्द कुठे तुटतो हे ते बोटाच्या हालचालीतून शिकतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः फळ्यापाशी जाऊन ‘वाचतं’. खरं तर ते पाठ म्हणत असतं, पण बोट ‘बंडी’वर असताना तोंडातही ‘बंडी’ आलं, की वाचन सुरू झालं असं मी मानते. वावर, पऱ्हाटी, बोंड हे शब्द आपल्या मुलांना पुस्तकाआधी ठाऊक असतात. ते फळ्यावर आले की वर्गातल्या शेतमजुराच्या मुलीकडेही शिकवण्यासारखं काही असतं.

आपल्या प्रार्थनेचंच पाहा. हात जोडून, डोळे घट्ट मिटून मुलं ती म्हणतात. त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण इंग्रजी प्रार्थना त्यांच्या तोंडी एका लांबच लांब शब्दासारखी असते. तो शब्द कुठे तुटतो, त्यात बाप कुठला, भाकर कुठली, हे त्यांना लागत नाही. तीच प्रार्थना मराठीत मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावली आणि रोज एका मुलानं काठीनं शब्द दाखवले, तर श्रद्धेला धक्का न लागता वाचनाचा तास होतो. आपल्या वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांतली मुलं मोठ्या संख्येनं असतात. त्यांच्यासाठी हेच एखाद्या गाण्यानं करता येईल. येशूनं सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट तर सगळ्यांची आहे. उन्हाळ्यात वावरात बसवलेले धनगरांचे कळप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो मेंढपाळ रानात का परत गेला हे समजावून सांगावं लागत नाही.

फादर आणि सिस्टर समोर आहेत म्हणून हे आग्रहानं सांगते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लॅटिनच्या बरोबरीनं लोकांच्या भाषांना मिस्सेत वाट मोकळी झाली. माणूस आपल्या भाषेत प्रार्थना करेल तर त्यात मनानं सहभागी होईल, ही त्यामागची दृष्टी होती. १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेत त्याच परिषदेनं आईबापांना मुलाचे पहिले शिक्षक म्हटलं. हे पहिले शिक्षक मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात? देवळीला, आर्वीला, समुद्रपूरला ते वऱ्हाडी वळणाच्या मराठीत बोलतात. ही समज आपल्याकडे परिषदेच्याही कितीतरी आधीची आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. परक्या देशातून आलेल्या धर्मगुरूनं इथल्यांना आपली भाषा शिकायला लावण्याआधी त्यांची भाषा स्वतः शिकली. वेदीपर्यंत पोचलेली ही भाषा बालवर्गाच्या दाराशी मात्र अजून थांबलेली आहे.

आणि आपण तर वर्ध्यात आहोत. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथेच शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण असावं, ते मातृभाषेतून द्यावं, आणि ते हाताच्या कामाभोवती उभं राहावं, असं तिथे ठरलं. झाकिर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामला ते काम ज्या आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी वाढवलं, त्यांतले आर्यनायकम श्रीलंकेतून आलेले ख्रिस्ती होते. पुढे गांधीजींनी या शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा, पट लहान मुलांपर्यंत आणला आणि सेवाग्रामला पूर्वबुनियादी वर्ग चालले. वर्ध्याच्या परिषदेच्या काही वर्षं आधी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, गांधीजी लंडनला मारिया माँटेसरींना भेटले होते. बाई श्रद्धेनं कॅथलिक. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या, आणि महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यामुळे त्यांना अनेक वर्षं भारतातच राहावं लागलं.

माँटेसरींच्या साहित्यावर आपल्या शाळा खर्च करतात, पण त्यामागची गोष्ट क्वचित सांगितली जाते. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं, ते मजुरांच्या मुलांसाठी होतं. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलं बोट फिरवत आणि अक्षराचा आवाज काढत. एके दिवशी ती आपणहून लिहू लागली. ती इटालियन मुलं होती आणि अक्षरं त्यांच्याच बोलण्याची होती. इटालियन बऱ्याच अंशी जशी लिहिली जाते तशी वाचली जाते. मराठीही जवळपास तशीच. आपण मात्र ती अक्षरं घेतली आणि भाषा बदलली.

इथे थोडं बारकाईत जायला हवं. क, म, ल, आ आणि काना एवढंच शिकलेलं मूल ‘काल मामा आला’ हे पूर्ण वाक्य वाचतं. वाचताना ‘का-ल’ जोडलं की त्याचा कान सांगतो, बरोबर, हा शब्द मला ठाऊक आहे. आपलं वाचन आपणच तपासण्याची सोय त्याला मिळते. हेच मूल इंग्रजीत ‘हेन’ची फोड बरोबर करतं, पण कोंबडीशी तिचा संबंध लावत नाही, कारण अंगणातल्या कोंबडीला हेन म्हणताना त्यानं कुणाला ऐकलेलं नाही. शिवाय इंग्रजी वर्णमालेतलं पहिलंच अक्षर ‘ए’ कॅट, केक आणि कार या तिन्हींत वेगळं वाजतं. मराठी सोपी आहे असं मी म्हणत नाही. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, याचा गोंधळ प्रत्येक वर्गात होतो. चाक आणि चहा यांतला च एकच, पण आवाज दोन. फलटणला मॅक्सीन बर्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळाक्षरं ओळीनं घोकवण्याऐवजी थोडी अक्षरं आणि मात्रा यांचे गट करून लगेच अर्थपूर्ण शब्दांकडे जाण्याची पद्धत राबवली. ती आपल्या शिक्षिकांनी शिकून घ्यावी. साहित्याच्या खर्चाचं उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला दिलेलं आहे. शिंपले, बिया, खडे, पानं एवढ्यावर त्यांनी बालवाडी चालवली. आपल्याकडे तर सरकीही आहे.

पालकांना इंग्रजी हवं आहे, आणि ती मागणी मला मनापासून मान्य आहे. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये राबणारा बाप फीचे पैसे बाजूला काढतो तेव्हा त्याला माहीत असतं की इंग्रजी येणाऱ्याला दारं उघडतात. सावित्रीबाईंनीही कवितेतून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. म्हणून इंग्रजी वर्गात असावं: गाण्यांतून, खेळातून, रोजच्या लहान सूचनांतून, भरपूर ऐकण्याबोलण्यातून. वाचन म्हणजे काय हे मात्र मुलाला आधी घरच्या भाषेत कळू द्यावं. एकदा ते कळलं की दुसऱ्या लिपीसाठी ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. कोलामी किंवा गोंडी घरातून आलेलं मूल असेल, तर त्याच्या आजीला बोलावून तिची गोष्ट ऐकावी आणि आपल्याला जमेल तशी देवनागरीत लिहून घ्यावी.

शासनाविषयी थोडक्यात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून हक्क देतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं. पण खाजगी शाळेतल्या बालवर्गाच्या शिक्षिकेचा पगार अनुदानात बसत नाही आणि अंगणवाडीच्या ताईंना मानधनावर राबावं लागतं. ज्या वयाला धोरण पाया म्हणतं, त्या वयाला शिकवणारीला दरमहा पुरेसा, नियमित पगार मिळायला हवा. संस्थाचालकांनी शासनाची वाट न पाहता आपल्या वाट्याचं तरी करावं.

दुपारच्या सत्रासाठी मी एक ठराव ठेवते. येत्या जूनपासून आपल्या शाळांच्या ज्युनियर केजीत दिवाळीपर्यंत लेखनाची वही नसावी. त्या वेळात माती, खडू, रांगोळी आणि मणी ओवणं असावं. शिक्षिकेनं रोज एक गोष्ट मराठी पुस्तकातून वाचून दाखवावी आणि मुलांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावं. हजेरीला मुलांनी देवनागरीतली आपापली नावाची पट्टी स्वतः शोधून लावावी. मराठीत बोलल्याबद्दल कुठल्याही मुलाला दटावू नये. जुलैत पालकांना वर्गात बसवून हे सगळं प्रत्यक्ष दाखवावं, कारण वही कोरी का, हा प्रश्न ते विचारणारच. ज्या मुख्याध्यापकांना यात अडचण दिसते, त्यांनी ती दुपारी इथेच मांडावी, आणि ठरावाचं सूचक म्हणून पहिलं नाव बालवर्गाच्या शिक्षिकेचं लिहावं, एवढी माझी विनंती आहे.