कंबरदुखी आणि उसाची मोळी



गळीत हंगाम सुरू झाला, की रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत कृष्णाकाठी ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. दिवसभर वाकून बुडख्याशी कोयता चालवावयाचा आणि 30-40 किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढावयाचे, हा त्यांचा दिनक्रम. कंबर धरली, की दोष वाताला दिला जातो. वस्तुतः बहुतेक कंबरदुखी स्नायूंवरील ताणाची असते व काही आठवड्यांत ओसरते. अंथरुणास खिळल्याने ती लांबते. बेताची हालचाल हितावह. (तासन् तास खुर्चीत बसणारे आपणही तिच्यातून सुटलेलो नाही!) मात्र खाडा पडू नये म्हणून इंजेक्शन टोचून पुन्हा मोळी उचलणे घातक होय.

कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. मांड्यांमधील भाग बधिर होणे, पायांतील बळ जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णास त्याच दिवशी कराड किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. विलंबाने कायमचे अपंगत्व येऊ शकते. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक ग्रामपंचायतीने हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात कोप्यांजवळ ठळक लिहावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून शिक्षकांनी तो तोंडपाठ करवून घ्यावा.