आपला प्रतिनिधी कोण?

कल्याणहून कर्जतकडे जाणारी गाडी धरली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक लागतात. गाडी एकच, गर्दी एकच आणि कामावर पोहोचण्याची घाईही सर्वांची सारखीच. पण या डब्यातील चार प्रवाशांना "तुमचा आमदार कोण आणि खासदार कोण?" असे विचारले, तर खरी उत्तरे मात्र निरनिराळी यावयास हवीत. उल्हासनगरचा बराचसा भाग विधानसभेच्या १४१ क्रमांकाच्या मतदारसंघात आहे. अंबरनाथचा क्रमांक १४० आणि तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बदलापूरकर मत देतो तो १३९ क्रमांकाच्या मुरबाड मतदारसंघात. उल्हासनगरचे काही प्रभाग तर अंबरनाथ आणि कल्याण पूर्व या शेजारच्या मतदारसंघांना जोडलेले आहेत. पुढे लोकसभेची वेळ आली म्हणजे उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याणकडे जातात, बदलापूर भिवंडीकडे.

ही वाटणी कोणाच्या लहरीने झालेली नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याचे काम एका आयोगाने केले, २००८ साली ती आखणी लागू झाली आणि महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुका तिच्याप्रमाणे झाल्या. रेषा सरकली की पुढाऱ्यांच्या वाटाही सरकतात. श्री. किसन कथोरे २००४ साली अंबरनाथमधून आमदार झाले होते. २००९ पासून ते मुरबाडमधून निवडून येत आहेत. मुरबाड मतदारसंघ केवढा? एका टोकाला बदलापूरच्या सदनिकेत राहणारा, रोज मुंबईला नोकरीस जाणारा कारकून. दुसऱ्या टोकाला माळशेज घाटाच्या पायथ्याशी भातशेती करणारा शेतकरी. दोघांचा आमदार एकच. एकाला लोकलची फेरी वाढवून हवी, दुसऱ्याला पाड्यापर्यंत रस्ता हवा. दोघेही आपापल्या जागी बरोबरच आहेत.

आता आकड्यांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. २०२४ साली कल्याण लोकसभा मतदारसंघाच्या यादीत वीस लाखांहून अधिक मतदार होते. समजा, एखाद्या खासदाराने रोज शंभर मतदारांना भेटावयाचे ठरविले, एकही दिवस सुटी घेतली नाही, तरी सर्वांची एकेक भेट पुरी व्हावयास चोपन्न वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याची मुदत तर पाच वर्षांची! तेव्हा प्रतिनिधी दिसत नाही, भेटत नाही, ही जी आपली तक्रार असते, तिच्यात त्याचा दोष किती आणि या गणिताचा किती, हे एकदा बघितले पाहिजे.

हे गणित अगदी उलटे असलेला एक देश जगात आहे. प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, तुवालू नावाचे राष्ट्र आहे. १ ऑक्टोबर १९७८ रोजी ते ब्रिटिशांच्या सत्तेतून स्वतंत्र झाले. नऊ बेटे, सगळी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर, आणि वस्ती अकरा हजारांच्या आसपास. तुवालू या नावाचा अर्थच मुळी 'आठ जण एकत्र उभे' असा आहे, कारण पूर्वीपासून वस्ती होती ती आठ बेटांवर. या आठांचे आठ मतदारसंघ आणि प्रत्येकाचे दोन सभासद, अशी सोळा जणांची त्यांची संसद. म्हणजे दर सातशे माणसांमागे एक सभासद झाला. साऱ्या देशात मतदार सहा हजारांच्या घरात. आपल्याकडील चार-पाच मतदान केंद्रांच्या याद्या एकत्र शिवल्या, की झाली त्यांची राष्ट्रीय मतदारयादी!

तिथे राजकीय पक्ष नाहीत. उमेदवार कोणाचा मुलगा, त्याने आजवर काय केले, शब्दाला तो किती पक्का, हे बेटावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. निवडणूक झाली की सोळा सभासद राजधानीच्या फुनाफुती बेटावर जमतात आणि आपल्यातूनच एकाला पंतप्रधान निवडतात. २६ जानेवारी २०२४ रोजी तिथे मतदान झाले, तेव्हा खुद्द पंतप्रधान कौसेया नतानो यांनाच त्यांच्या मतदारांनी घरी बसविले. नव्या सभासदांना राजधानीत आणण्यास बोटीच हव्यात. हवा बिघडली, समुद्र खवळला, आणि पंतप्रधानांची निवड लांबली. अखेर महिन्याभराने, २६ फेब्रुवारीला, फेलेती तेओ यांची निवड झाली. दुसरे नाव पुढे आलेच नव्हते.

मोठ्या माणसाला मतदाराने घरी पाठविण्याची गोष्ट आपल्याकडेही नवी नाही. त्याच २०२४ साली भिवंडी मतदारसंघात, ज्यात आपले बदलापूर येते, केंद्रात पंचायत राज खात्याचे राज्यमंत्री असलेले श्री. कपिल पाटील पराभूत झाले आणि श्री. सुरेश म्हात्रे निवडून आले. शेजारच्या कल्याणमध्ये डॉ. श्रीकांत शिंदे २०१४ आणि २०१९ नंतर तिसऱ्यांदा विजयी झाले. कोणाला निवडावे, कोणाला नाही, हे सांगणे माझे काम नव्हे. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच, की मतपेटीपुढे मंत्री आणि साधा उमेदवार एका पंक्तीत बसतात, मग मतदार सहा हजार असोत की वीस लाख.

परंतु देश लहान म्हणजे तिथे सारे आबादीआबाद असते, असे मात्र कोणी समजू नये. याच तुवालूत २०१२ च्या डिसेंबरात नुकुफेताऊ बेटाचे एक सभासद वारले. ते अर्थमंत्रीही होते. जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक घेतली आणि ती विरोधकांनी जिंकली, तर सरकारचे बहुमत जाईल अशी स्थिती होती. सरकार तारीख जाहीर करीना. महिन्यामागून महिने गेले. तेव्हा त्या चिमुकल्या बेटावरील लोक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने निवडणूक घेण्याचा हुकूम केला, २०१३ च्या जूनअखेर मतदान झाले आणि जागा विरोधकांना मिळाली. मग संसद भरविण्यावरून पेच पडला. शेवटी १ ऑगस्ट २०१३ रोजी गव्हर्नर जनरलांनी पंतप्रधान विली तेलावी यांना दूर केले, आणि संसदेने एनेले सोपोआगा यांना निवडले. श्रोतेहो, यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट राजधानीतल्या घडामोडींची नाही. आपला प्रतिनिधी नाही, आपली जागा मोकळी आहे, ही गोष्ट काही शे मतदारांना सोसली नाही, ही ती गोष्ट आहे.

आता आपल्याकडे वळू. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. मुदत २०२० साली संपली. त्यानंतरची निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. उल्हासनगर महानगरपालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. प्रथम साथीचा रोग आला, मग इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात राहिले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्या असा आदेश दिला, पुढे मुदत वाढवून मिळाली, आणि मग मतदानाचा दिवस उजाडला. वास्तविक आपली राज्यघटना सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पार पडली पाहिजे.

याचा अर्थ काय होतो पाहा. २०१५ च्या मे महिन्यात ज्या बदलापूरच्या मुलाला अठरावे वर्ष लागून पुरे झाले, त्याला आपल्या नगरपरिषदेसाठी पहिले मत देताना अठ्ठाविसावे वर्ष उलटून गेलेले होते. दरम्यान त्याने नोकरी धरली असेल, लग्न केले असेल, घरपट्टी तर दरसाल भरलीच असेल. प्रशासक हा सरकारी अधिकारी. तो चांगले काम करू शकतो, पुष्कळांनी केलेही असेल. पण पाच वर्षांनी मत मागण्यास त्याला आपल्या दारी यावे लागत नाही. रस्त्यातला खड्डा, तुंबलेले गटार, बंद पडलेला दिवा, यांची दाद मागण्यास जवळचे, ओळखीचे दार असते नगरसेवकाचे. ते दार एवढी वर्षे बंद होते, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते मुकाट्याने चालवून घेतले. नुकुफेताऊच्या लोकांनी तसे केले नाही.

या भागाला मताचे मोल ठाऊक नव्हते असे नाही. उल्हासनगरचा जन्मच मुळी घर गमावलेल्या माणसांच्या वस्तीतून झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या उभारल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या घरातील माणसे तिथल्या बराकींत राहावयास आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या १९४८ पासूनच तयार होऊ लागल्या होत्या. निर्वासितांजवळ ना घराचा पत्ता, ना कागदपत्र. तेव्हा असा निर्णय झाला, की "या गावी कायम राहण्याचा माझा इरादा आहे" एवढे त्यांनी जाहीर केले तरी त्यांचे नाव कच्च्या यादीत घ्यावे. राज्यघटना अजून पुरी व्हावयाची होती, त्याआधीच बेघर माणसाला मतदार म्हणून जागा मिळाली! त्याच निवडणुकीत देशभर सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मात्र यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. नाव सांगितले त्याला मत मिळाले. सांगितले नाही त्याचे गेले.

आणि आज? २००९ साली कल्याण लोकसभा मतदारसंघात तीन मतदारांपैकी जेमतेम एकाने मत दिले. २०२४ साली हे प्रमाण निम्म्यापर्यंत आले. सुधारणा झाली खरी, पण निम्मे लोक घरीच होते. "माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणतात. तर ऐका. उल्हासनगर विधानसभेत २०१४ साली श्रीमती ज्योती कालानी यांनी श्री. कुमार आयलानी यांचा पराभव केला, आणि २०१९ साली श्री. आयलानी यांनी श्रीमती कालानी यांचा. दोन्ही वेळा अंतर सुमारे दोन हजार मतांचे. अंबरनाथलाही २०१४ साली अंतर तेवढेच होते. एका मतदारसंघात अडीचशे केंद्रे धरली, तर दर केंद्रामागे आठ मते. आठ मते म्हणजे चाळीच्या एका मजल्यावरची दोन बिऱ्हाडे!

मत दिले म्हणजे काम संपले असेही नाही. कोणते गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे हे कळले पाहिजे. लोकलच्या फेऱ्या आणि रेल्वेचा पूल हा विषय केंद्राचा, तेव्हा तो खासदारांकडे न्यावा. गटार, कचरा, गल्लीतला दिवा हे नगरपरिषदेचे. पाण्याचे मात्र जरा निराळे आहे. अंबरनाथ-बदलापूरला नळाचे पाणी देते ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. बारवी धरण आहे औद्योगिक विकास महामंडळाचे. दोन्ही संस्था राज्य सरकारच्या, म्हणून तिथे आमदारांना धरावे लागते. चुकीच्या दारावर दहा वेळा थाप मारून माणूस कंटाळतो आणि म्हणतो, "सगळे सारखेच." ग्रामीण श्रोत्यांना हीच गोष्ट ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांना लावून पाहता येईल. त्यांच्या हाती तर ग्रामसभा आहे. तिथे बसलेला गावकरी आणि सरपंच यांच्यातले अंतर तुवालूच्या बेटावरच्यापेक्षा अधिक नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात आपला वाटा मोठा आहे. मतदारयादी घेऊन दारोदार फिरणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पुष्कळदा आपणच असता. कोणाचे नाव राहिले, कोणाचे दुबार झाले, कोणत्या घरची सून अजून माहेरच्या यादीत आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरून अठरा वर्षे पुरी झालेल्यांची नोंद होते. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. वरच्या वर्गातल्या मुलांना हे आतापासूनच सांगून ठेवावे. आणि नागरिकशास्त्राच्या एका तासाला प्रत्येक मुलाने वहीत चार ओळी लिहाव्यात: माझा प्रभाग किंवा माझी ग्रामपंचायत कोणती, माझा विधानसभा मतदारसंघ कोणता, लोकसभेचा कोणता, आणि त्या त्या जागी निवडून आलेली व्यक्ती कोण. उत्तर येत नसेल, तर त्याने घरी आईवडिलांना विचारावे. त्यांनाही येत नसेल, तर सगळ्यांनी मिळून शोधावे.

वीस लाखांच्या मतदारसंघाचे बेट काही होणार नाही. इथे प्रतिनिधी आपोआप ओळखीचा होत नाही. ती ओळख मतदारालाच करून घ्यावी लागते, आणि निवडणूक वेळेवर झाली नाही तर विचारणाही त्यालाच करावी लागते. तेव्हा पुढची निवडणूक केव्हा यावयाची ती येवो. आपले नाव यादीत आहे की नाही, आणि त्या चार ओळी आपल्याला लिहिता येतात की नाही, एवढे या आठवड्यात आपण सर्वांनी पाहून घ्यावे.