संशोधनाचे उक्ते काम



विद्यापीठांतले संशोधन कसे वाढावे, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु कामाचे माप कसे घ्यावे, हा प्रश्न निघाला की आम्हांला त्यातले थोडेफार कळते.

मुंबईच्या गिरण्यांत साचेवाल्याला उक्त्या कामाचा पगार मिळे. जितके कापड, तितके पैसे. त्यात दोन गोष्टी गृहीत होत्या. साचा आणि सूत मालकाने द्यायचे, आणि निघालेले कापड तपासून घ्यायचे. सूत कच्चे आले की तार घडोघडी तुटे आणि मजुरी साचेवाल्याची बुडे. म्हणून आमचे भांडण मापाशी नसे. सूत कसले देता आणि माप कोण घेतो, याविषयी असे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण ठरवले. निबंध छापला की गुण. हेतू वाईट नव्हता. पण दर ठरला आणि तपासनीस राहून गेला! मग पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर मे २०१८ मध्ये तिच्यातूनच ४,३०५ नावे काढावी लागली. २०१९ मध्ये ‘केअर’ ही नवी यादी आली. तिच्यासाठी नियतकालिके पारखण्याचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. तीही २०२५ मध्ये बंद झाली. प्रबंध देण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे, ही पीएच.डी.ची सक्ती आयोगाने २०२२ मध्येच उठवली होती. याद्या आल्या आणि गेल्या. निबंध उघडून वाचण्याचे काम मात्र यादी करू शकत नाही.

आता सुताकडे पाहू. आपल्या महाराष्ट्रात कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. तास घेतला तर पैसे, सुटीत काही नाही. असा माणूस ग्रंथालयात बसेल केव्हा, आणि पाच वर्षे पुरेल असा प्रश्न हाती घेईल कशाच्या भरवशावर? २०२०-२१ मध्ये साऱ्या देशाचा संशोधनावरचा खर्च सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीन त्याच काळात दोन टक्क्यांहून अधिक खर्च करीत होता. साचा नाही, सूत नाही, आणि कापड मात्र वारावर मोजून मागायचे, हा न्याय कुठला?

आमचे म्हणणे तीन वाक्यांत सांगतो. रिकाम्या जागा कायम नेमणुकीने भरा. संशोधन करणाऱ्याचे तास कमी करा आणि त्याला ग्रंथ, उपकरणे व प्रवासखर्च द्या. बढतीच्या वेळी वीस निबंध मोजण्यापेक्षा, उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध त्या विषयातल्या जाणकारांकडून वाचवून घ्या आणि त्यांचा अभिप्राय लेखी मागा.

माप हवेच. जनतेच्या पैशाचा हिशेब प्राध्यापकानेही दिला पाहिजे. पण वाचणाऱ्याने घेतलेला हिशेब निराळा आणि मोजणाऱ्याने घेतलेला निराळा. त्यांतला पहिला मागण्याचा हक्क, ज्यांची मुले या महाविद्यालयांत शिकतात, त्या तुम्हां सर्वांचा आहे.